हक्कसोडऐवजी द्राक्षबाग

2022 च्या भाऊबीजेला भावाने पाकीट हातात दिलं आणि जरा घुटमळून म्हणाला, ताई, एकदा जुन्नरला येऊन जाशील का, सही राहिलीये. सही म्हणजे हक्कसोड. अण्णा जाऊन वर्ष झालं होतं, सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती, आणि आमच्याकडे बहिणी सही करूनच देतात, माझ्या दोन्ही आत्यांनी दिली. मी पण दिली असती खरं सांगायचं तर. पण आदल्याच रात्री जेवताना तो ऊस मोडून एक एकर द्राक्ष लावायचं म्हणत होता आणि पैशाचं काय यावर गाडी अडली होती. तर मी म्हटलं सही राहू दे, अर्धे पैसे मी घालते. फ्लॅटच्या कर्जात भरायला ठेवलेले होते थोडे. आई म्हणाली चहा टाकते. आमच्याकडे काही अवघड झालं की चहा टाकतात.

शेत नारायणगावजवळ, मी राहते हडपसरला, मधे चाकण. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

भावाला आधी वाईनची द्राक्षं लावायची होती. त्याचं गणित असं की टेबल म्हणजे खायच्या द्राक्षाला मणी मोठा पाहिजे, लांब पाहिजे, मग घड जीए नावाच्या वाढीच्या औषधात बुडवायचे, विरळणी, सगळी मजुरी, आणि वाईनला मणी बारीकच लागतो फक्त साखर 22-24 ब्रिक्सला गेली पाहिजे. पण शेजारी तात्या, म्हणजे आमचे चुलते, गळ्यात माळ, कार्तिकीला आळंदी चुकत नाही. ते म्हणाले दारूला आपल्या रानातलं फळ जायचं नाही. यावर आई, जी दिरासमोर सहसा बोलत नाही, ती म्हणाली, भावजी, इतकी वर्षं कारखान्याला ऊस घालताय, त्या मळीचं काय तीर्थ करतात का तिथं? तात्या उठून गेले. पण वाईन शेवटी तात्यांमुळे नाही, करारामुळे राहून गेली. आमच्या तालुक्यात एकेकाळी मोठी वायनरी होती ती बुडाली तेव्हा ज्यांनी वाईनची द्राक्षं लावली होती त्यांची बाग उभी आणि गिऱ्हाईक गायब, ती द्राक्षं कोणी टोपलीत घालून खायला नेत नाही. लेखी करार मिळेना म्हणून मग जंबो हे खायचं काळं द्राक्ष लावायचं ठरलं.

तर पहिलं वर्ष द्राक्ष नव्हतंच हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. फेब्रुवारी 2023 ला लावलं ते डॉगरिज, जंगली खुंट, मूळचं टेक्सासकडचं, आई त्याला अजून डागरेज म्हणते. पाणी क्षारट असलं, कमी पडलं तरी हे टिकतं म्हणून आधी ते लावायचं, नऊ बाय पाच फुटावर, एकरात 968 रोपं, आणि मग सप्टेंबरात हवेत ओल असते तेव्हा त्यावर जंबोची काडी पाचर मारून बसवायची. कलम भरणारी टोळी आली होती त्यातला एक पोरगा एका हाताने खुंट चिरायचा आणि दुसऱ्या हातातली काडी तोपर्यंत तासून तयार, वर प्लॅस्टिकची पट्टी, झालं. मी सकाळपासून अकरा केली. त्यातली चार जगली. आता त्या चार वेली माझ्या आहेत असं भाचीने जाहीर केलंय.

सांगाडा, तारा, ठिबक यातच माझे पैसे संपले. त्याबद्दल न बोललेलं बरं.

माझं खरं काम म्हणजे हमाली. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला आहे, 1997 पासून, माझ्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटं, आणि मी इतकी वर्षं त्या रस्त्याने गेले तर मला वाटायचं हे काहीतरी सरकारी गोदाम आहे. आता मी तिकडे तपासायला माती नेते, विहिरीचं पाणी नेते, देठ नेते. देठ म्हणजे फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ, पान नाही, नुसता देठ, तोही बागेत सगळीकडून फिरून गोळा केलेला. पहिल्या वेळी भावाने पानांसकट पाठवले होते, मी पार्किंगमधे बसून पानं खुडत होते आणि सोसायटीच्या काकू विचारून गेल्या, भाजी कसली गं?

ऊस गेल्याचा एक फायदा आईला झाला. बिबट्या. आमच्याकडे रात्रीची लाईट असली की मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घरच, बागेत निदान मांडवाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतं. बिबट्या काही तालुका सोडून गेलेला नाही, पण आईला झोप लागते.

2025 च्या फेब्रुवारीत पहिला माल निघाला, सहा टनाच्या आसपास. नवीन बागेला चांगला म्हणाले लोक. व्यापाऱ्याने निम्मे पैसे रोख दिले आणि बाकीच्यांसाठी भावाचे जूनपर्यंत फोन चालू होते, मिळाले एकदाचे.

आणि एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावर काड्या बुडाशी छाटतात त्यानंतर, मे मधेच पाऊस. आठवतोय ना तो मे? पुण्यात सगळे मस्त वातावरण म्हणून भजी खात होते, ऑफिसात मी पण खाल्ली. द्राक्षाचं असं असतं की फेब्रुवारीत जो घड दिसतो तो आदल्या मे-जूनमधेच डोळ्याच्या, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या, आत तयार होतो, तेव्हा काडीला कडक ऊन लागतं. ऊन नाही मिळालं तर तोच डोळा आतून घडाऐवजी बाळी, म्हणजे वेल आधाराला गुंडाळते तो तंतू, धरतो, आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही, बाग हिरवीगार, बघणारा म्हणतो वा.

सप्टेंबरच्या शेवटी काड्या तपासायला नेल्या तेव्हा मी मुद्दाम गेले, माझं पोट सॉफ्टवेअर टेस्टिंगवर आहे त्यामुळे तपासणी म्हटलं की मला राहवत नाही. त्या माणसाने ब्लेडने डोळा उभा चिरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, म्हणाला बघा मॅडम. आत कापसासारखं काहीतरी आणि त्याच्यात एक बारीक खवल्याखवल्याचा गोळा, तोच घड. एवढासा! पुढचा डोळा, काही नाही. पुढचा, काही नाही. दहा काड्यांत जिथे दिसला तिथे बहुतेक सहाव्या-सातव्या डोळ्यावर, खालचे सगळे रिकामे.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला, ताई, या वर्षी घड धरायचा का सोडून द्यायचा? मी गाडीत होते, मगरपट्ट्याच्या सिग्नलला. तीन वर्षं तो मला सांगायचा, हे केलं, ते आणलं, एवढे पाठव. विचारलं पहिल्यांदाच. मी म्हटलं सातव्यावर घड दिसतोय ना, मग आठव्यावर छाट, दाटी होईल पण मागून वांझ फुटी काढू. तो म्हणाला मजुरी वाढेल. म्हटलं वाढू दे, निम्मी माझी आहे.

छाटणी झाल्यावर शनिवारी डोळ्यांना औषधाची पेस्ट लावायला मी पण होते, हातमोजे, डोक्याला रुमाल, चिंधीने एकेका डोळ्याला ते औषध पुसत जायचं म्हणजे सगळे डोळे एकदम फुटतात. त्याच्या बाटलीवर लिहिलेलं असतं की लावणाऱ्याने दारू प्यायची नाही, खरंच चेहरा लाल होऊन माणूस आडवा पडतो. हे टोळीला समजावून सांगायचं काम तात्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. बांधावर उभं राहून अर्धा तास सांगत होते. बाटलीवरचं संपलं तरी.