मयतीनंतरचे महिने

ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे एका चर्चच्या लोकांचा, आधार दफनाच्या दिवशी दिसतो असे बहुतेकांना वाटते. परतवाड्याकडच्या आमच्या लहानशा मंडळीत राहून माझे मत वेगळे झाले आहे. तो दिवस कसाही पार पडतो, कारण त्या दिवशी प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते. निरोप मिळताच पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करतात, महिला मंडळाच्या बाया शेजारच्या घरी पिठलं-भाकर करतात, सुतार पेटीचे माप घेतो आणि तरुण संघाची मुले कुदळी-फावडी घेऊन कबरस्तानाकडे निघतात.

कबर खणणे बाहेरच्यांना किरकोळ वाटेल, पण वऱ्हाडच्या काळ्या मातीत ते तसे नसते. मे महिन्यात ही माती भेगाळून दगडासारखी कडक होते, तर पावसाळ्यात खड्ड्याच्या कडा ढासळतात, तळाशी पाणी साचते आणि पेटी उतरवण्याच्या घटकेपर्यंत बादलीने ते उपसत राहावे लागते. या कामाचे पैसे कोणी घेत नाही, आणि घेऊ नयेत असे कोणाला सांगावेही लागलेले नाही.

कबरेपाशी 23 वे स्तोत्र किंवा योहानाच्या शुभवर्तमानाचा 11 वा अध्याय वाचला जातो आणि मग संदेश होतो. तो फार लांबतो, असे माझे स्पष्ट मत आहे. भोवती हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजारी उभे असल्याने सुवार्ता सांगण्याची हीच संधी, असे काही पाळकांना वाटते, आणि ज्यांच्यासाठी सारे जमलेले असतात ते घरचे लोक उन्हात ताटकळत राहतात. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेकडे निघालेला येशू स्वतः रडला, हे त्याच अध्यायात आहे. तेवढे वाचून दोन वाक्यांत थांबले तरी चालेल.

आमच्या प्रोटेस्टंट परंपरेत मृतासाठी प्रार्थना नसते, जी असते ती मागे राहिलेल्यांसाठी. कॅथलिक बांधव मात्र मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, अर्पण करतात आणि 2 नोव्हेंबरला कबरांवर मेणबत्त्या लावतात. त्यामागचा धर्मविचार मला पटत नसला तरी त्या ठरलेल्या तारखेचा मला थोडा हेवा वाटतो, कारण आमच्याकडे आठवण ठेवणे माणसांवर सोडलेले आहे आणि पाहुणे पांगल्यावर माणसे विसरतात.

म्हणून आमच्या मंडळीच्या पंचांनी मयतीच्या घरी वर्षभर भेटी देण्याची पाळी लावून दिली आहे. ज्या घरात शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला असेल तिथे ही पाळी चुकू द्यायची नाही, आणि त्याच्या आत्म्याच्या तारणाविषयी तर्क करणाऱ्याला तिथे पाठवायचे नाही, असे आम्ही ठरवले. ते ठरवताना मंडळीत वाद झाला, आणि माझ्या मते तो एकदाचा व्हायलाच हवा होता.

या भेटींत प्रार्थनेइतकेच कागदही निघतात. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची असते, आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढवताना तर दीर किंवा सासरे ‘पोराच्या नावावर होऊ दे’ म्हणून विधवेला हमखास बाजूला ठेवतात. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे मुलेबाळे असताना विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगे व मुली यांना सारखाच हिस्सा मिळतो. हे सांगायला मंडळीतला एक निवृत्त शिक्षक तिच्याबरोबर तलाठ्याकडे जातो. गेल्या हंगामात अशा एका घरी वारसनोंद अडकल्यामुळे पीककर्ज मिळाले नाही, तेव्हा मंडळीच्या निधीतून सोयाबीनचे बियाणे दिले गेले आणि पेरणीला दोन शेजाऱ्यांनी आपल्या बैलजोड्या आणल्या. त्यांतला एक आमच्या मंडळीचा नव्हता.