१५ मिनिटांचं वारं
पुढच्या शनिवारी अबुधाबीला यास बेटावरच्या विंड टनेलमध्ये (खालून जोराचं वारं सोडून माणसाला हवेत तरंगवणारी उभी नळी) पहिल्यांदा कोचबरोबर उडायचंय, आजची अख्खी संध्याकाळ त्याच्या प्लॅनिंगमध्ये गेली. हिशोब असा की १३,००० फुटांवरून उडी मारली तर पॅराशूट उघडेपर्यंत जेमतेम ५०-६० सेकंद मिळतात, म्हणजे टनेलची १५ मिनिटं म्हणजे जवळपास १५ उड्या, आणि पॅराशूटची घडी घालत बसायची कटकट नाही! मी म्हटलं सगळी एकदमच घेतो, तर कोच फोनवर हसायलाच लागला. म्हणे दोन मिनिटांनी हात भरून येतील, दोन आत, दोन बाहेर, मधे व्हिडिओ बघायचा, आणि ते डोक्यावर उभं राहायचं खूळ आधी काढ, पोटावर एका जागी थांबून दाखव. बरोबरच आहे म्हणा, माझा डावा पाय नीट लांब होत नाही आणि मी भिंगरीसारखा फिरत बसतो 😅

आत वाऱ्यात काही ऐकू येत नाही म्हणून खुणा पाठ करतोय. दोन बोटं सरळ म्हणजे पाय लांब, वाकवली की गुडघे वाकव. पलंगावर पालथा पडून प्रॅक्टिस चालू होती तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल.

"पालथं पडायला पैसे मोजतोस?"