घोळणा फुटणं आणि एक बदनाम औषध

घोळणा फुटला की आपण नाक दाबून बसतो, पाच-दहा मिनिटांत विषय संपतो. एचएचटी हा आनुवंशिक आजार असलेल्यांचा मात्र संपतच नाही, कित्येकांना रोज, कधी दिवसातून दोन-तीनदा, आणि असं वर्षानुवर्षं चाललं की हिमोग्लोबिन खाली, मग आयर्नची सलाईन नाहीतर रक्त चढवा. यांचं रक्त गोठतं नीट, हिमोफिलियासारखं नाही. गडबड रक्तवाहिन्यांत असते, धमनी आणि शिरेच्या मधे केशवाहिन्यांचं जाळं हवं ते काही ठिकाणी बनतच नाही, दोन्ही थेट जोडल्या जातात आणि ती नाजूक भिंत जरा काही झालं की फुटते. साधारण ५००० त एकाला होतो, आई किंवा बाबांना असेल तर प्रत्येक मुलाला ५० टक्के चान्स.

आता औषध. थॅलिडोमाइड, हो तेच, १९५७ ला जर्मनीत झोपेसाठी आलं, गरोदर बायकांनी मळमळीवर घेतलं आणि १०,००० च्या वर मुलं व्यंग घेऊन जन्मली. एवढं होऊनही ते संपलं नाही, पुढे कुष्ठरोगाच्या दुखऱ्या गाठींवर चाललं, मग मायलोमा या कॅन्सरवर. २०१० मध्ये एका फ्रेंच-डच टीमने दाखवलं की एचएचटीवाल्यांचं नाकातलं रक्त याने कमी होतं, कारण वाहिनीला बाहेरून आधार देणाऱ्या पेशी वाढतात. पण हातापायाचे मज्जातंतू खराब होतात, म्हणून जास्त दिवस देता येत नाही.

मग त्याच घराण्यातलं पोमॅलिडोमाइड घेतलं, हेही मायलोमाचंच. अमेरिकेत एचएचटीच्या १४४ पेशंटवर ट्रायल झाली, २०२४ ला रिझल्ट छापून आला. फायदा इतका स्पष्ट दिसला की ट्रायल मधेच थांबवली. नाकातून रक्त येण्याचा त्रास किती, याच्या १० पैकी स्कोअरमध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा) ०.९४ ची जास्तीची घट, वाचायला किरकोळ वाटते, पण ०.७१ च्या पुढे पेशंटला स्वतःला फरक जाणवतो असं धरतात.

फुकट काहीच नाही अर्थात. पांढऱ्या पेशी कमी होतात, रॅश येते, बद्धकोष्ठता होते, आणि प्रेग्नन्सीत अजिबात चालत नाही, त्यामुळे गर्भनिरोधक आणि टेस्ट सक्तीच्या. मला विचाराल तर ज्याला सारखं रक्त चढवावं लागतंय त्याने आपल्या डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढावा, आठवड्यातून एखाद्या वेळी नाक वाहणाऱ्याने आधी नाक ओलं ठेवणं आणि रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या यांच्याबद्दल विचारावं.