वावरात जात नाही, तरी शर्ट

"मॅडम, तुमी तं वावरात जात नाही, मंग हा शर्ट काहून घालता?"

गावात नवीन सून आली की महिन्याभरात ती मला हे विचारतेच. आमच्या घाटंजी तालुक्यात निंदायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण मी अंगणवाडी सेविका. चार घरं ओलांडून अंगणवाडीत जायचं, त्यासाठी गळ्यापर्यंत बटनं लावलेला शर्ट? तोही थंडीत, आभाळ आलेलं असतानासुद्धा? परवा पुन्हा एका नव्या सुनेनं विचारलं, म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

2019 ची होळी तोंडावर आली होती. घरोघरी सर्वेक्षणाचं काम होतं, दोन दिवस सकाळी दहापासून चारपर्यंत उन्हात. संध्याकाळी काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उठले तर कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल पुटकुळ्या, गळ्याखाली लाल तिकोन, आणि खाज अशी की पोळ्या लाटता लाटता बेलण्यानंच हात घासत होते. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता निंगाली, सब्जा पे." शेजारीण म्हणाली, "घामोया हायेत." घामोळ्या पाठीवर, कमरेला, जिथं कपडा चिकटतो आणि घाम साचतो तिथं येतात. माझ्या अंगावर जिथं कपडा नव्हता नेमकं तिथंच पुरळ होतं. बांगड्यांच्या खाली चामडी स्वच्छ. हे समोर दिसत असून आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही.

मग मेडिकलमधून ट्यूब आणली. दोन दिवसांत हात साफ! मला वाटलं, जादूच आहे. गालावर वांग होता, त्यालाही लावायला लागले. चार महिने लावत राहिले. चेहरा आधी उजळला, मग पातळ, लालबुंद झाला, गालावर लव वाढली, आणि ट्यूब थांबवली की अशी आग व्हायची की पुन्हा लावल्याशिवाय झोप नाही. ती स्टेरॉइडची ट्यूब होती. 2018 मध्येच सरकारनं अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलेलं, पण मला चिठ्ठी कुणी मागितली नाही. मीही ट्यूबवरचं वाचलं नाही. दुसऱ्यांच्या लेकरांच्या औषधाची तारीख मी दहादा बघते, ते वेगळं.

शेवटी यवतमाळला चामडीच्या डॉक्टरांकडे गेले. मी हात पुढे केले, तर ते म्हणाले, "आधी मान वर करा." हनुवटीखाली बॅटरी मारली, पापण्या मिटायला लावून पाहिल्या, कानामागे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मग सांगितलं की चेहऱ्यावर या सावलीच्या जागा असतात, तिथं ऊन थेट पोचत नाही. ऊन कारण असेल तर त्या जागा बहुतेक सुटतात. कारण हवेतून येणारं असेल तर पापण्या, हनुवटीखालचा भाग, मानेच्या घड्या, सगळीकडे उठतं, कारण धुळीला सावली अडवत नाही.

आमच्याकडे ही दुसरी गोष्ट फार आहे. गाजर गवत! पुण्याकडे ते 1950 च्या दशकात पहिल्यांदा नजरेत आलं, अमेरिकेहून आलेल्या गव्हासोबत आलं म्हणतात. आता धुऱ्यावर, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मागं, कुठं नाही ते सांगा. आमच्या गल्लीतल्या एका काकांच्या पापण्या सुजायच्या, मान हत्तीच्या कातड्यासारखी जाड झाली होती. ते म्हणायचे, "मले ऊन बाधते." उन्हात त्रास वाढायचा हे खरं, पण मूळ गवतात होतं. वाळलेलं गवतही तेवढंच बाधतं. ते उपटायला दुसऱ्या कुणाला सांगा, आणि गवत फुलावर यायच्या आत उपटा, एवढंच त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी ऐकलं नाही हा भाग सोडा.

माझ्या दुखण्याचं नाव निघालं पॉलिमॉर्फिक लाइट इरप्शन, म्हणजे उजेडाची ॲलर्जी म्हणा. पुरुषांपेक्षा बायांना जास्त होते. त्याआधी डॉक्टरांनी बरंच विचारलं. सांधे दुखतात का, तोंडात फोड येतात का, केस फार गळतात का, बारीक ताप राहतो का? दोन्ही गालांवर आणि नाकावरून फुलपाखरासारखी लाली येते का? तसं असेल तर ल्युपस असू शकतो, तो आतल्या अवयवांनाही धरतो. त्यासाठी एएनएची रक्ततपासणी केली, ती चांगली आली. मग विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? डॉक्सीसायक्लिन, बीपीसाठीची हायड्रोक्लोरोथायझाइड अशा काही गोळ्यांवर ऊन बाधतं. आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं. पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल लावून उन्हात बसणारे तर दर उन्हाळ्यात भाजून घेतात. हात लिंबाच्या रसानं माखलेले असताना उन्हात गेलं तरी काळे पट्टे उठतात.

लोक हसतात ते पुढच्या गोष्टीला. मला नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, कमी त्रास होतो आणि फाल्गुनात जास्त. पळस फुलला की माझे हात उठायला लागतात. हिवाळाभर झाकलेल्या चामडीला पहिलं ऊन सोसत नाही, रोज थोडं थोडं लागत गेलं की ती सरावते. म्हणजे बाधतो तो उजेड, गरमी नाही. खिशात कांदा ठेवून, कूलरपुढं बसून लू टळत असेल, हे टळत नाही. एकदा दुपारच्या एसटीत उजवीकडच्या खिडकीशी बसले, धुळीपायी काच ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी उजवा हात तेवढा उठला, डावा कोरा. उन्हातले अतिनील किरण दोन जातीचे, त्यातला यूव्हीबी काचेत अडतो, यूव्हीए आरपार येतो आणि मला तोच बाधतो. आभाळातूनही तो येतोच.

म्हणून हा शर्ट. सनस्क्रीन मी चेहऱ्याला आणि तळहाताच्या पाठीला लावते, बाटलीवरचा एसपीएफ यूव्हीबीचा आणि पीएपुढची अधिक चिन्हं यूव्हीएची, एवढं बघून घेते. चेहऱ्या-मानेला मिळून दोन बोटांवर मावेल एवढं लागतं, दोन तासांनी पुन्हा. अंगभर लावायचं म्हटलं तर माझं मानधन बाटल्यांतच जाईल. कपडा स्वस्त. पण कपडा पारखून घ्यावा लागतो. उजेडासमोर धरायचा, पलीकडची बोटं दिसली तर तो बिनकामाचा. ओढणी बहुतेक तशीच असते. आणि आपण उन्हाळ्यात दुपट्टा भिजवून डोक्याला बांधतो ना, गारव्याला तो छान, पण ओल्या सुती कपड्यातून किरणं जास्त आत येतात. माझ्यासारखीनं कोरडाच बांधावा, गडद आणि जाड.

एवढं करूनही वर्षातून एकदा उठतंच. मग गार पाण्याची पट्टी, खाजेची गोळी, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम, फक्त हाताला, पाच दिवस. तेही स्टेरॉइडच आहे, जे मी चार महिने तोंडाला फासलं होतं.

आमच्या घरचे मागच्या महिन्यात बाजारात गेले, जुने शर्ट विरले म्हणून. दुकानदारानं तीन दाखवले. त्यांनी एकेक शर्ट उचलून ट्यूबलाइटसमोर धरला, मागं बोटं हलवली, दोन परत केले. दुकानदार म्हणाला, "भाऊ, माप तं पाहा." ते म्हणाले, "माप नाही लागत. साडीवर घालाचा हाय."