येऊरची पावसाळी फेरी: टोपी पाहून अळंबी ओळखायला जाऊ नका

पैसे घेऊन ठाण्याच्या येऊरच्या रानात अळंबी दाखवायला नेणाऱ्याने सगळ्यांसमोर ठासून सांगितलं, की भाजी शिजताना चांदीचं नाणं टाका, काळं पडलं नाही तर बिनधास्त खा. हे धादांत खोटं आहे आणि यानं माणूस मरू शकतो. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनी. ॲमानिटा गटातल्या जीवघेण्या अळंब्यांचं विष चांदीला ढिम्म काही करत नाही. लसूण, तांदूळ, चिंचेचं पाणी घालून करायच्या परीक्षाही तशाच फोल. गोगलगायीने कुरतडलेली अळंबी माणसाला चालते, हेही चूक. उकळून पाणी फेकलं तरी ॲमाटॉक्सिन, म्हणजे या ॲमानिटांचं विष, जात नाही.

जाण्याबद्दल थोडक्यात. ठाणे स्टेशनहून येऊरला टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस आहे. उपवनहून रिक्षा करायची तर भाडं आधी ठरवा, पाऊस लागला की तोंडाला येईल तो आकडा सांगतात. पाड्यांपर्यंतचा रस्ता सरळ आहे.

पुढे ओढ्याकडे उतरणारा तुकडा मात्र वाईट, आणि फेरीच्या माहितीपत्रकात त्यालाच ‘सोपी चाल’ म्हटलं होतं. काळ्या कातळावर हिरवं शेवाळ, त्यावर बांबूचा ओला पाचोळा. गमबूट इथे निव्वळ घसरतात, खोल खाचांचे बूट हवेत. सगळ्यांची नजर अळंबीवर असते, पाय तिथेच सटकतो. वर डोंगरात पाऊस झाला की ओढा बघता बघता चढतो, पाणी गढूळ व्हायला लागलं की मागे फिरायचं. पाचोळ्यात हात घालू नका, काठीने बाजूला करा. घोणस आणि चापडा दोन्ही या रानात आहेत. माझं मत विचाराल तर हा उतार वगळा. अळंबी पाहायला तिथे जायची गरजच नाही.

हे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने इथून काहीही तोडून नेता येत नाही. म्हणून खिशात छोटा आरसा ठेवा, टोपीखाली धरला की न तोडता तिच्या पोटाच्या पातळ पट्ट्या दिसतात. नुसता हात लागल्याने विषबाधा होत नाही. खणून काढून ओळखायचा सराव सोसायटीच्या हिरवळीवर करा, कारण विषबाधेला सर्रास कारण होणारी जात तिथेच उगवते: क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स. पांढरी टोपी १० ते ३० सेंटीमीटर, मध्यभागी तपकिरी डाग, भोवती तपकिरी खवले. देठावरचं कडं बोटाने वरखाली सरकतं. बुडाशी देठ थोडा फुगलेला, पण ॲमानिटासारखी बुडाला पांढरी पिशवी नसते.

घात होतो तो कोवळेपणी. तेव्हा ती ढोल वाजवायच्या टिपरीसारखी गोल डोक्याची असते आणि पट्ट्या शुभ्र असतात. राखट हिरवा रंग टोपी पुरती उघडल्यावर, कधी त्याही नंतर चढतो. लोक कोवळी म्हणून मुद्दाम हीच खुडतात. मिटलेली कळी फोटोवरून, ॲपवरून ओळखता येत नाही. कोणी ओळखतो म्हणाला तर त्याच्यावर विसंबू नका.

उघडलेली असेल तर देठ कापून टोपी पट्ट्या खाली करून ठेवा, अर्धी पांढऱ्या कागदावर, अर्धी काळ्या. वर वाडगा पालथा घाला. रात्रभरात बीजाणूंचा ठसा उमटतो. हिरवट असेल तर क्लोरोफायलम. पांढरा असेल तर ॲमानिटाचाही संशय धरायचा. वारुळावरच्या खाण्याच्या अळंबीचा, म्हणजे टर्मिटोमायसिसचा, ठसा गुलाबीसर येतो. पावसाने भिजून लिबलिबीत झालेली टोपी ठसा देत नाही, तेव्हा तर्क लढवू नका.

देठ कधीही ओढून काढू नका, खुरप्याने खालून उकरा. ॲमानिटाच्या बुडाची पांढरी पिशवी मातीत असते आणि वारुळाच्या अळंबीची मुळासारखी लांब शेपटीही मातीतच. ओढलं की दोन्ही जमिनीत राहतात आणि हातात येते ती नुसती पांढरी छत्री. रस्त्यावर विकायला पानात मांडलेल्या अळंबीच्या वाट्यांबद्दल माझी तक्रार हीच आहे. पाड्यावरच्या बायकांना आपापली वारुळं ठाऊक असतात, त्यांच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. पण मधला विक्रेता देठ छाटून, चढ्या भावाने, कुठली तरी अळंबी ‘येऊरची’ म्हणून गळ्यात मारतो. बूड नसेल तर घेऊ नका. शेपटी आहे म्हणून ती खाण्याची ठरते असंही नाही. टोपीच्या मधोमध कडक टोक, जागेवर वारूळ आणि गुलाबीसर ठसा, हे सगळं एकत्र जुळायला हवं.

कोणी खाल्लीच असेल तर घड्याळ बघा. एक ते तीन तासांत जोरदार उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा हिरव्या पट्ट्यांची, म्हणजे क्लोरोफायलम. त्रास सहा तास किंवा त्याहून उशिरा सुरू झाला तर ते फार गंभीर: ॲमाटॉक्सिनमध्ये दुसऱ्या दिवशी माणसाला बरं वाटतं आणि आत यकृत निकामी होत असतं. जुलाब थांबले म्हणून घरी बसू नका. १०८ला फोन करा, घरी उलटी काढायच्या फंदात पडू नका. उरलेली अळंबी, निवडलेले देठसुद्धा, कागदी पिशवीत सोबत न्या. प्लास्टिकमध्ये त्यांचा चिखल होतो. किती वाजता खाल्ली आणि आणखी कोणी खाल्ली, हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.