त्यांना कळतं कसं?

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकू मांजरावरून विचारतात, वर्गातली मुलं जंतांवरून विचारायची, आणि परवा गणपतीत आरती झाल्यावर एका आजोबांनीही तेच विचारलं: "ताई, आपल्या अंगात राहणाऱ्या या किड्यांना धड मेंदूही नसतो म्हणता, मग आपल्याला कसं वापरून घ्यायचं हे त्यांना कळतं कसं?" तीसेक वर्षं इंदूरला प्राणिशास्त्र शिकवलं, पण या प्रश्नावर दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी सांगून निघाले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आता बसून सांगते.

पुस्तकात वाचायच्या आधी मी हे एका माणसाच्या पायात पाहिलं. आठ वर्षांची असेन. मागच्या पडवीचं बांधकाम चालू होतं, मजूर झाबुआकडचे. मे महिन्यातली दुपार. त्यातला एक जण काम टाकून लंगडत हौदाकडे निघाला. घोट्याजवळ फोड फुटलेला, त्यातून शेवईएवढा जाड पांढरा दोरा बाहेर आलेला, आणि तो त्यानं एका काडीला गुंडाळून चिंधीनं पायाशी बांधलेला. आग होतेय, पाय बुडवू द्या, एवढंच तो म्हणत होता. आजीनं त्याला हौदापाशी जाऊ दिलं नाही. घमेल्यात पाणी ओतून पुढे ठेवलं. पाय बुडाला आणि फोडातून दुधासारखं काहीतरी पाण्यात पसरत गेलं. त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मला मात्र आजीचा भयंकर राग आला होता.

तो दोरा म्हणजे नारू, माणसाच्या अंगात वाढणारा जंत. त्या माणसानं गेल्या उन्हाळ्यात कुठल्यातरी बावडीचं पाणी प्यालेलं असणार. त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे जीव असतात आणि त्यांच्या पोटात नारूची अळी. सायक्लॉप्स आपल्या जठरात मरतो, अळी सुटते आणि आतडं भेदून बाहेर पडते. नर मादीशी संग करून मरतो. मादी वर्षभर मांसात सरकत, वाढत राहते, कधी कधी तब्बल एक मीटरपर्यंत. या वर्षभरात माणसाला पत्ताही नसतो. मग ती पायाच्या कातडीखाली येते, फोड उठतो आणि असह्य आग सुरू होते. माणूस पाण्याकडे धावतो. पाणी लागताच मादी लाखो अळ्या सोडते. पायऱ्यांच्या बावडीत लोक पाण्यात उतरूनच घागर भरायचे. म्हणजे पुढच्या वर्षीची सोय झाली.

आता तुमचा प्रश्न. कळतं कुणाला? कुणालाच नाही. ज्या माद्यांमुळे आग झाली नाही, त्यांचा माणूस कोरड्यावर बसून राहिला आणि त्यांच्या अळ्या तिथेच संपल्या. ज्यांनी आग लावली, त्यांची पिल्लं पाण्यात पडली. हजारो पिढ्या हीच चाळणी चालत राहिली. आपल्याला जी अक्कल दिसते ती चाळणीत उरलेली आहे, किड्याच्या डोक्यातली नाही. ही गोष्ट मुलांच्या गळी उतरायला मला दर वर्षी आठवडा लागायचा, आणि तो आठवडा मला फार आवडायचा.

काकूंच्या मांजराचंही तसंच. टोक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीचं लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होतं. त्याची लागण झालेल्या उंदरांना मांजराच्या मुताच्या वासाची भीती कमी वाटते, हे प्रयोगांत दिसलं आहे. माणसाच्या स्वभावाबद्दलचे दावे मात्र कच्चे आहेत, त्यावर काकूंनी झोप घालवू नये. घरात कुणाला दिवस गेले असतील तर मांजराची घाण तिनं साफ करू नये, मांस नीट शिजवावं, एवढं पुरे.

नारूवर औषध नव्हतं, लसही नव्हती, आजही नाही. तरी तो गेला. अळी सायक्लॉप्समध्ये शिरते हे फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानं १८७० च्या सुमारास दाखवलं होतं, आणि साखळी कुठे तोडायची ते त्यात होतं. पाणी दुहेरी फडक्यानं गाळा, बावडीत उतरू नका, हातपंप बसवा, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाका. १९८४ मध्ये देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. गावोगाव घरं फिरून रुग्ण शोधणाऱ्या त्या कार्यकर्त्यांबद्दल मला अजून फार कृतज्ञता वाटते.

आजीला सायक्लॉप्स हा शब्दही ठाऊक नव्हता. तिचं माहेर धारकडचं, घराजवळ बावडी. नारूवाल्यानं प्यायच्या पाण्यात पाय घालायचा नाही, एवढं ती लहानपणापासून पाहत आली होती. त्या दुपारी मजुराचा पाय कोरडा करून तिनं त्याला फडकं दिलं, सावलीत बसवलं, ताक पाजलं. मग घमेलं दोन्ही हातांनी उचलून अंगणातल्या तापलेल्या वाळूच्या ढिगावर नेऊन ओतलं, आणि तो ओला डाग पुरता वाळेपर्यंत उन्हात तिथेच उभी राहिली.