तुम्ही विचारलंत म्हणून: ते जुनं फ्लॅश अजून चालतं कसं?

दरवर्षी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की हा प्रश्न येतोच. दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याची तयारी सुरू होते, वाड्यावरची पोरं लॅपटॉप बघायला येतात, आणि नवीन विंडोज ११ वर मी फ्लॅश एमएक्स, म्हणजे कार्टून करायचं जुनं सॉफ्टवेअर, उघडलेलं बघून कोणीतरी विचारतंच, दादा हे २००२ सालचं ना, हे चालतं कसं? आणि का चालवता हा दुसरा प्रश्न, तो जरा हळू आवाजात.

का, ते आधी सांगतो. बारावीनंतर आमच्या नरकासुरासाठी मी एक दोन मिनिटांचं कार्टून केलं होतं, कृष्ण येतो, चक्र सोडतो, मुंडकं उडतं. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मिळालेल्या कॉम्प्युटरवर रात्र रात्र बसून केलेलं, सेकंदाला १२ फ्रेम, कारण फ्लॅश उघडल्यावर तिथे १२ च लिहिलेलं असायचं आणि ते बदलता येतं हे मला माहीतच नव्हतं. पोरांना दरवर्षी तेच हवं असतं, फक्त साल बदलून आणि या वर्षी कोणाची टिंगल करायची ते घालून. म्हणजे मूळ फाइल उघडायलाच हवी.

आता कसं. खरं सांगू तर प्रोग्रॅम चालवायला काहीच अक्कल लागत नाही. एमएक्स ३२ बिटचा आहे आणि ६४ बिटचं विंडोज ३२ बिटचे प्रोग्रॅम अजूनही चालवतं. मॅकवाल्यांचं तसं नाही, तिथे २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिट बंदच. विंडोजवर अडतं ते १६ बिटचं, त्याला ६४ बिटमधे जागाच नाही, आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमधेच येतं. नव्वदच्या दशकातल्या काही सॉफ्टवेअरचा प्रोग्रॅम ३२ बिटचा पण सेटअप मात्र १६ बिटचा असतो, मग लोक म्हणतात चालत नाही. अहो, चालला असता, दारातच अडकलाय. तेव्हा व्हर्च्युअलबॉक्समधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधे, जुनं विंडोज एक्सपी टाकायचं, त्याचं नेट बंद ठेवायचं, झालं. डॉसच्या काळातलं असेल, म्हणजे १९८९ चं ऑटोडेस्क ॲनिमेटर वगैरे, तर डॉसबॉक्स, तो डॉसची नक्कल करतो.

माझं म्हणणं एवढंच की जुना प्रोग्रॅम तसाच्या तसा असतो, बदललेलं असतं ते आजूबाजूचं सगळं, आणि त्रास तिथून येतो.

एक प्रकार सांगतो, यात माझी एक अख्खी रात्र गेलीय. मला जुनी खोड, फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमधेच सेव्ह करायची, एक्सपीत चालायचं. नव्या लॅपटॉपवर पण तसंच केलं, सेव्ह झाली, सकाळी फोल्डर उघडला तर फाइल नाही. फ्लॅशमधून ओपनला गेलो तर आहे! बाहेर नाही, आत आहे. मग कोणीतरी सांगितलेलं आठवलं म्हणून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून रन केलं, तर आतूनही गायब, आणि त्याच नावाची जुनी फाइल समोर, गेल्या वर्षीच्या सालासकट. मला वाटलं लॅपटॉपला भूत लागलं. झालेलं असं की एक्सपीनंतरच्या व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्समधे साध्या प्रोग्रॅमला लिहायची परवानगी नाही, पण जुन्या प्रोग्रॅमला नाही म्हटलं तर तो कोसळेल, म्हणून विंडोज गुपचूप ती फाइल युजरच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमधे ठेवतं आणि प्रोग्रॅमला सांगतं की ठेवली हां तुझ्या जागेवर. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं की हे नाटक बंद, खरा फोल्डर दिसतो. तेव्हा काम डॉक्युमेंट्समधे ठेवा, आणि उठसूट ॲडमिनिस्ट्रेटर करू नका, त्यात फोल्डरमधून चित्र ओढून फ्लॅशमधे टाकणंही बंद पडतं.

स्क्रीनवर सगळं धूसर दिसत असेल तर आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयची सेटिंग. ॲप्लिकेशन निवडलं तर स्वच्छ दिसतं पण बटणं तांदळाच्या कणीएवढी होतात, माझं वय झालं, मी धूसरच ठेवतो. पेन टॅब्लेटचा दाब लागत नसेल तर त्याच्या सेटिंगमधे विंडोज इंकची टिक काढून बघा.

मराठी अक्षरं मात्र खरी डोकेदुखी. तेव्हा आम्ही शिवाजी फॉन्ट वापरायचो, तो नसला की पाटीवर कृष्णाच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड, म्हणजे आजचं नेहमीचं मराठी टायपिंग, पेस्ट केलं तरी नीट दिसत नाही, कारण त्या फ्लॅशला देवनागरी जुळवताच येत नाही. मी आता मजकूर इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममधे लिहून त्याचा पाथ, म्हणजे नुसत्या रेषा, करतो, इएमएफ या चित्राच्या फाइलमधून आणतो, म्हणजे फ्लॅशच्या दृष्टीने ते अक्षर नाहीच, चित्र.

आणि दाखवायचं कसं? फ्लॅश प्लेयर ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाला, १२ जानेवारी २०२१ पासून तर तो स्वतःच काही दाखवेना, पण ते ब्राउजरमधल्या प्लेयरचं. फ्लॅशमधूनच प्रोजेक्टर म्हणून एक्सइ काढली तर ती आजही डबल क्लिकवर चालते. (यावरून दरवर्षी घोळ, मी म्हणतो प्रोजेक्टर काढ, पोरं भिंतीवर मारायचं मशिन घेऊन येतात.) फोनवर पाठवायचं तर एव्हीआय काढून मग एमपी४, फक्त लक्षात ठेवा, फ्लॅशमधल्या मूव्ही क्लिप या प्रकारच्या चित्राच्या आतली हालचाल एव्हीआयमधे येत नाही, त्याचं ग्राफिक सिम्बॉल करावं लागतं. पहिल्या वर्षी हे माहीत नव्हतं, सगळ्यांच्या फोनवर कृष्ण आला, उभा राहिला आणि चक्र काही फिरेना.

फ्लॅशच्या सीडीचं विचारता तर आमच्या पावसात तिला बुरशी धरते. मूळ सीडीवर नकाशासारखे डाग पडलेत, युएसबीच्या सीडी ड्राइव्हमधे चार वेळा घालून एकदा वाचली, त्याच दिवशी तिची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाइल, करून दोन ठिकाणी ठेवली. तुमच्याकडे असेल तर या आठवड्यात करा, चवथीनंतर माझ्याकडे वेळ नसतो.